गोंड्यातला शक्करखोरा

"हात त लावून पाह्य!"

हुस्नाबी चुलीपुढचा चिमटा घेऊनच बाहेर आली. नेमसिंग ड्रायव्हरच्या एका हातात आगपेटी होती, दुसरा हात ट्रकच्या आरशाजवळ. तो तिथंच अटकला.

"चाची, करणी हाये हे. केस, सालपटं, कोळ्याचं जाळं... माह्या गाडीवर कोणीतरी लटकवलं."

"डोळे फुटले काय तुहे? नीट पाह्य!"

नेमसिंग वाकला. त्या लोंबत्या कचऱ्याले बाजूनं एक भोक होतं. भोकातून दोन चोची निघाल्या अन् गव्हाच्या दाण्याएवढ्या लाल तोंडांनी चिं-चिं करू लागल्या. नेमसिंगानं आगपेटी खिशात टाकली.

पांढरकवड्याबाहेर, हैद्राबादच्या सडकेवर रहेमान मिस्त्रीचं गॅरेज. हुस्नाबी त्याची माय. गिअरबॉक्स फुटला म्हणून नेमसिंगाचा ट्रक सव्वा महिन्यापासून तिच्या अंगणात उभा होता. नागपुराहून सामान येता येता उन्हाळा तापला. तेवढ्यात आरशाच्या दांडीले नजर लागू नाही म्हणून बांधलेल्या काळ्या गोंड्यात शक्करखोऱ्याच्या मादीनं बिऱ्हाड केलं. मादी मातकट, कोणाच्या ध्यानात येऊ नाही अशी. पण नर! जळक्या ऑइलवर ऊन पडलं का जसा निळा-जांभळा रंग उठते, तसा सारा अंगभर. अंगठ्याएवढं पाखरू, पण पंख फडफडवत फुलापुढं हवेतच उभं राहे अन् वाकड्या चोचीनं रस ओढे. हुस्नाबी रोज पाहे अन् रोज तिले रागच ये. एवढ्याशा जिवाले एवढा रंग देणाऱ्यानं दिला, अन् पाहाले कोणाले फुरसत नाही!

आज ट्रक दुरुस्त झाला होता. दुपारच्या आत निघाचं होतं.

"पिल्लं काढून झाडावर ठेव," नेमसिंग म्हणाला. "गोंडा मले लागते."

"काढले त मरतीन. आठ दिवस थांब, उडून जातीन."

"मालकाच्या दोन तारा आल्या, चाची. आठ तास थांबलो त नोकरी जाते."

रहेमान हात पुसत आला. "कायले तमाशा लावला, अम्मा? एक पाखरू त हाये. अल्लानं असे लाख बनवले."

"लाख बनवले म्हणून हे फोकटचं झालं काय? तुह्यासारखेबी लाखच बनवले ना त्यानं! तुले टाकू काय सडकेवर?"

 रहेमान खाली मान घालूनच बोलला, "दोन बोल्ट हायेत. आरसा वेगळा करतो, दांडी गोंड्यासकट इथंच राहू देतो. पाइप गाडून त्याले बांधली का घरटं बोटभरबी हलत नाही."

"अन् गोंडा?" नेमसिंग भडकला. "माह्या बायकोनं, जमनीनं सोता गुंफला हा. तीन वर्षं झाली, गाडीले ओरखडा नाही. बिनगोंड्याची गाडी मी घाटात घालत नाही. नवा गुंफाले काळे केस पाह्यजे, अन् घरच्या बाईचा हात पाह्यजे. हाये तुह्यापाशी?"

हुस्नाबीनं कुडाकडं पाह्यलं. कुडाच्या आडोशाले काळा बकरा बांधला होता. बकरीद बारा दिवसांवर आली होती. वर्षभर तिनं त्याले आपल्या हातानं चारलं, रोज तेलाचा हात फिरवला. मानेवरचे केस असे लांब, असे चमकदार, का मशिदीपुढून नेला त लोकं थांबून पाहत. कुर्बानीच्या जनावराले कुठं कमी दिसू नाही, केसबी कापू नाही, हे तिले मायनं शिकवलं होतं.

ती घरात गेली अन् कैची घेऊन आली.

"अम्मा!" रहेमान ओरडला. "ईदचा बकरा हाये तो!"

"मालूम हाये मले! तू पाइप गाड!"

कैची चालली. हुस्नाबी दातओठ खात होती, डोळ्यात पाणी होतं अन् तोंडात शिव्या. नेमसिंगाले, त्याच्या मालकाले, नागपूरच्या सामानाले, दुनियेत दुसरी जागा न दिसलेल्या त्या बिनअकली मादीले. बकऱ्याची मान एका बाजूनं सफाचट झाली. ती तिथंच मातीत फतकल मारून बसली अन् मांडीवर पीळ देऊ लागली.

"पण चाची, घरच्या बाईचा हात..."

"पाच वर्षं झाली, येता-जाता माह्या हातची भाकर खातं! भाकर पचते अन् गोंडा पचत नाही काय रे?"

नेमसिंगानं मान खाली घातली. त्याच्या तांड्यात मायले याडी म्हणत. "दे, याडी," तो हळूच म्हणाला.

रहेमाननं पाइप गाडला, दांडी तारेनं कसली, मग बोल्ट खोलले. आरसा दुसऱ्या पट्टीवर बसवला, त्याच्याखाली नवा गोंडा. ट्रक धूर सोडत सडकेले लागला. रिकाम्या अंगणात पाइप उभा, त्याले जुना गोंडा.

मादी चोचीत किडा घेऊन आली. जिथं केबिन होतं तिथं हवेत थरथरत उभी राह्यली. इकडं गेली, तिकडं गेली, कडुनिंबात जाऊन बसली. पिल्लं चूप.

"आता बकऱ्याचं काय?" रहेमान मोठ्यानं म्हणाला. "ईदले काय तोंड दाखवशीन? लोकं म्हणतीन, मिस्त्रीच्या मायनं अल्लाले भादरलेला बकरा..."

"ज्याच्यासाठी केस राखले, त्याच्याच पाखरापायी कापले. त्याले हिशोब समजते. तुले समजत नाही."

"पण अम्मा..."

मादी खाली उतरली. एकदा पाइपावर, एकदा तारेवर, अन् मग गोंड्याले उलटी लटकली. दोन लाल तोंडं बाहेर आली.

हुस्नाबीनं चिमटा रहेमानच्या पाठीत हाणला.

"हळू बोल, मेल्या," ती दात आवळून कुजबुजली. "ते भेते."