एका मित्राचे दहा गुण

मित्रांनो, मी आता जुनी झालेली एक फिरती ढाल आहे. नावाप्रमाणेच एका जागी टिकणं माझ्या नशिबात नाही. या रविवारी एका घरातल्या फ्रिजवर, पुढच्या रविवारी दुसऱ्याच घरातल्या कपाटावर. जरा कुठे बूड टेकतं न टेकतं, तोच निघायची वेळ!

मला घडवलं एका सुतारानं. चर्चच्या मागच्या खोलीत तो मुलांचा संघ चालवायचा आणि पोरं त्याला दादा म्हणायची. पोरं यायची, पण बाकावर बसून एकमेकांना कोपरं मारायची. प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून खिडकीबाहेरचं मैदान बघायची. दादा बिचारा मेटाकुटीला आला. शेवटी त्यानं एका दाराच्या उरलेल्या लाकडातून मला कापलं, घासलं, वर पितळी पत्रा ठोकला आणि जाहीर केलं, "ज्याचे गुण जास्त, त्याच्या घरी आठवडाभर ढाल!"

काय सांगू, पोरं एकदम सरळ झाली! वेळेवर येऊ लागली, धडाधड बायबलची वचनं पाठ म्हणू लागली. चर्चचे पाळकसाहेब माझ्यावरून हात फिरवून म्हणाले, "दादा, ढाल कामाची निघाली हं!" मी अशी फुलून गेले! पण मदतीचे गुण सुरू झाले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीवर चौघं तुटून पडले. पिशवी फाटली, बटाटे रस्ताभर झाले आणि गुण कुणाला यावरून तिथेच जुंपली. माझ्या जिवाला तेव्हापासून घोर लागला.

मग दादानं आणखी एक नियम काढला. नवा मित्र आणला की दहा गुण! संघात एक मुलगा होता, आवाज मोठा म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. गल्लीत नुकत्याच राहायला आलेल्या शिंप्याच्या मुलाला त्यानं ओढून आणलं. तो मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि भोंग्याला खेटून बसला. फळ्यावर दहा गुण पडले मात्र, भोंगा उठून आपल्या टोळक्यात गेला. खेळाच्या वेळीही नव्या मुलाला कुणी हाक मारली नाही. तो भिंतीला टेकून सगळ्यांच्या चपला बघत राहिला. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या मला चैन पडेना, पण ढाल बापडी करणार काय?

मी भोंग्याच्या घरी गेले. त्याच्या ताईनं मला पुसता पुसता विचारलं, "कशाबद्दल रे मिळाली?"

"नवीन मित्र आणला."

"अरे वा! नाव काय त्याचं?"

भोंगा घुटमळला. "नाव... शिंप्याचा आहे तो."

"नाव माहीत नाही आणि म्हणे मित्र!"

पुढच्या रविवारी मला काखोटीला मारून तो परत करायला निघाला आणि वाटेत शिंप्याच्या दुकानापाशी थांबला. आत तो मुलगा बटणं निवडत बसला होता.

"मी नाही येणार आता," तो म्हणाला. "तुझे गुण मिळाले ना? मग कशाला आलास?"

"नाव विचारायला," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "विचारायचं राहूनच गेलं."

मुलानं नाव सांगितलं, पण मान वर केली नाही. "येशील ना?" असं भोंग्यानं विचारलं, तर म्हणाला, "बघतो."

त्या "बघतो"नं आम्हा दोघांना अस्वस्थच करून सोडलं म्हणा ना! संघात गाणं सुरू झालं, तरी भोंग्याचं लक्ष दाराकडे. मीही खिळ्यावरून दाराकडेच बघत होते. शेवटचं कडवं आलं आणि दार किलकिलं झालं. शिंप्याचा मुलगा आत आला. भोंग्यानं सरकून जागा केली.

दादानं सवयीनं खडू उचलला. "शाबास भोंग्या! परत आणलंस त्याला, घे दहा गुण!"

"नको दादा," भोंगा उभा राहून म्हणाला. "मी नाही आणलं. तो आला."

दादानं खडू खाली ठेवला. त्या दिवशी मला घरी न्यायचं सगळेच विसरले. रागही आला, खोटं कशाला बोलू! पण मित्रांनो, माझं एक ऐका. मला जिंका, पुसा, खुशाल मिरवा. फक्त मला उचलण्याआधी शेजारी नवं कोण बसलंय ते बघा आणि त्याला खेळायला हाक मारा, त्याच्या नावानं.