या ‘आम्ही’त मी कुठाय?

प्रयोगशाळेत ती नणंदेला ‘मॅडम’ म्हणायची, घरी ‘ताई’. डोकं फिरलं की ‘वन्सं’. आज सकाळी छापायला जाणाऱ्या शोधनिबंधाचा मसुदा तिच्या हातात आला आणि डोकं फिरलं.

‘आम्हाला असे आढळले,’ असं आत लिहिलं होतं. वर नाव एकट्या नणंदेचं. भावजय कुठे? शेवटी, आभारात : ‘मोलाचे सहकार्य.’ हे शब्द ज्यानं काढले त्याच्या जन्माच्या कष्टाला कुणीतरी एकदा मोलाचे सहकार्य म्हणायला हवं, म्हणजे कळेल.

“या ‘आम्ही’त मी आहे का?”

“अगं, तसं लिहायची पद्धतच असते.”

“‘आपण’ म्हटलं असतंत तर मी आत असते. ‘आम्ही’ म्हणून दार लावून घेतलंत, वन्सं.”

नणंदेनं चष्मा काढला. “वन्सं? म्हणजे भांडायलाच आलीयेस.”

“जोडीनं सुटलेल्या प्रकाशकणांतला एक मागे रेंगाळतो, हे आलेखात कुणाला दिसलं?”

“तुला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“यंत्राचा पंप थरथरत असेल, म्हणून तसं दिसतंय.”

“आणि वर म्हणालात, डोळे तपासून घे!”

“म्हणाले, बाई. पण तुला दिसला तो आलेखातला नुसता खड्डा. तो का पडला, हे कुणी सांगितलं?”

खरंच होतं ते. भावजयीनं तोच खड्डा डोळे फुटेस्तोवर मोजला, पण अर्थ काही लागेना. तो नणंदेनं घरी भांडी विसळता विसळता लावला. मग शोध कुणाचा? जिला दिसलं तिचा, की जिला उमगलं तिचा? आणि जिला उमगलं तिनंच आधी थट्टा केली असेल तर?

“पाहिल्याशिवाय कणांचं काही ठरलेलंच नसतं, असं तुम्हीच वर्गात शिकवता ना? मग मी पाहिलंच नसतं तर तुम्हाला काय उमगलं असतं, कपाळ?”

नणंदेला हसू फुटलं. “कणांचा कायदा माणसांना लावू नकोस. बरं, घालते तुझं नाव. पण आधी कुणाचं?”

भावजय भांडायच्या तयारीनं आली होती. हे विचारलं जाईल, असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“माझं,” ती म्हणाली. दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखा आवाज निघाला.

नणंदेनं तिचं नाव आपल्या नावाच्या वर टाइप केलं.

“पण ताई, अर्थ तर तुम्ही…”

“गप्प बस. नाहीतर पुसेन.”