दुसऱ्याच्या फ्लॅशवर जगणाऱ्याचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मालकाच्या बाबतीत माझं नशीब फुटकं निघालं. मित्रांनो, माझा जन्म परदेशातल्या एका स्वच्छ कारखान्यात झाला. पुढे एका निवृत्त मास्तरांनी भाईंदरच्या मिठागरांवर पक्ष्यांचे फोटो काढायला मला वापरलं. एका बगळ्यासाठी ते सकाळभर चिखलात उभे राहत. त्यांच्या मुलाने मला विकलं आणि मी जेसल पार्कच्या चंदनच्या हाती पडलो.

चंदनला फोटो काढायचे नव्हते, फोटोग्राफर म्हणवून घ्यायचं होतं. तो दूध आणायलासुद्धा मला गळ्यात अडकवून जायचा. त्याच्याच इमारतीत ॲलन राहायचा, लग्नाचे फोटो काढण्यात मुरलेला माणूस. तो आपणहून म्हणाला, "माझ्याबरोबर ये. आधी लाईट धर, बघून शिक. आणि लग्नघरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो कुठे टाकायचे नाहीत." चंदन खाली येऊन मित्राजवळ फणकारला, "मी काय हमाल वाटलो काय त्याला?" हे बोलणाऱ्याला माझी अर्धी बटणं कशासाठी आहेत, तेही ठाऊक नव्हतं.

मग महाशयांनी स्वतःचा रस्ता शोधला. हल्ली लग्नात मुलीकडचा एक फोटोग्राफर असतो, मुलाकडचा वेगळा. चंदन काळा शर्ट घालून, कोणाचं बोलावणं नसताना मीरा रोडच्या हॉलमध्ये शिरायचा. मुलीकडच्यांना वाटायचं हा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटायचं हा मुलीकडचा. खऱ्या फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, की हा त्याच्या खांद्यावरून मला पुढे करायचा. कधी आणि कुठे बघायचं ते दुसऱ्याने ठरवायचं, याने नुसतं बोट दाबायचं. शिवाय पंगतीत गुलाबजाम दोनदा मागायचा. घरी आला की ते फोटो आपल्या पेजवर 'आमची कामं' म्हणून चढवायचा. पाठवणीला रडणाऱ्या त्या मुलींना कोणी विचारलं होतं? मला त्या दोन शब्दांची किळस यायची.

ती 'कामं' पाहून भाईंदरजवळच्या तारोडी गावातल्या, ख्रिस्ती घरातल्या केलीने तिचं लग्न याच्यावर सोपवलं. या लग्नाला दुसरा फोटोग्राफर नव्हता. तिचे वडील व्हिक्टर जहाजावर नोकरीला, त्यांना सुट्टी मिळाली नव्हती.

"डॅडीला सगळं फोटोतच बघायचं हाय," केली म्हणाली. "उंबराच्या पाण्याचे फोटो चुकवू नका."

"होऊन जाईल, टेन्शन नको," चंदन म्हणाला. उंबराचं पाणी म्हणजे काय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात. केलीच्या घरात पहिली कळशी नवरीची आई भरते.

बँड वाजत होता, बायका गात होत्या. केलीची आई कार्मिन लाल लुगडं नेसून विहिरीशी वाकली. आणि चंदन वाट बघत उभा होता. कशाची? कोणाचा तरी फ्लॅश उडायची. कार्मिनने कळशी वर घेतली, क्षणभर छातीशी धरली, डोळे मिटले आणि वळली. तेव्हा कुठे या दिवट्याने बटण दाबलं, आणि नेमका ट्रम्पेटवाला मध्ये आला.

"आंटी, पाणी परत ओता ना विहिरीत," तो म्हणाला. "एक रिटेक घेऊ."

गाणं थांबलं. कार्मिनने कळशी कमरेवर घेतली.

"लेकीच्या नावानं काढलेलं पाणी हाय. ते परत वतत न्हाय," ती म्हणाली आणि चालू लागली.

मित्रांनो, शिकाऊ असण्यात लाज कसली? 'मी अजून शिकतोय' हे समोरच्याला आधीच सांगा. जाणत्याच्या हाताखाली राहा. ज्याचा चेहरा टिपता, त्याची परवानगी घ्या. चुका करायच्या तर भाच्याच्या वाढदिवसाला करा, तिथे केक दुसऱ्यांदा कापता येतो. एवढंही जमत नसेल, तर आम्हा कॅमेऱ्यांना कपाटात पडू द्या. काचेला बुरशी लागली तरी ती परवडली.

अल्बम करायला चंदनने इतके महिने लावले, की तोवर व्हिक्टर सुट्टीवर घरी आले होते. चंदन मला गळ्यात घालून ऐटीत अल्बम द्यायला गेला.

"अंकल, केलीला सांगून माझ्या पेजला पाच स्टार द्यायला लावा," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला.

व्हिक्टरनी अल्बम मांडीवर घेतला. चष्मा लावून ते एकेक पान उलटत होते. विहिरीच्या पानावर त्यांचा हात थांबला.

"कार्मिन, तू कुठं हाय यात?"

कार्मिन ओले हात पुसत आली. तिने ट्रम्पेटवाल्याच्या कोपरावर बोट ठेवलं.

"याच्या मागं."

व्हिक्टर उठले आणि अल्बम खिडकीपाशी उजेडात नेऊन पुन्हा पाहू लागले.