खिडकीतला कर्णा

"वायर सोडू नकोस रे बाबा!" फादर ओठ न हलवता म्हणाले.

चर्चचा रखवालदार व्यासपीठाच्या कोपऱ्यात माइकची वायर चिमटीत धरून उभा होता. बोटं हलली की आवाज जाई. येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, या वादासाठी फादरांनीच हौसेनं इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलावलं होतं. सभागृह इतकं गच्च, की शिंकायलाही शेजाऱ्याची परवानगी लागावी.

"त्याला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा एक कागद दाखवा," प्राध्यापक म्हणाले, "उद्यापासून पहिल्या बाकावर बसतो!"

"बहुतेक इतिहासकार म्हणतात, तो होता," फादर म्हणाले.

"म्हणू द्या. समजा, होता. पण तुमची गाऱ्हाणी आज कोण ऐकतं, ते कुठला इतिहासकार सांगणार?"

टाळ्या पडल्या आणि रखवालदाराची नजर पलीकडच्या भिंतीवर गेली. तिथल्या बटणाचा लाल दिवा पेटलेला होता. चर्चच्या मागेच त्याची खोली. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला रविवारची उपासना ऐकू यावी म्हणून त्यानं तिथल्या खिडकीत एक कर्णा बसवला होता. आजही सवयीनं त्याचं बटण दाबून तो मोकळा झाला होता. म्हणजे हे सगळं ती ऐकत होती. रोज निजताना देवाशी पुटपुटायची, तेवढ्यावर तिचे दिवस निभत होते.

बटणापर्यंत जायला वाट नव्हती. त्यानं वायर सोडली. आवाज गेला.

"अरे, धर!" फादर कळवळले. "तोंड दाबून जिंकलो म्हणतील लोक!"

त्यानं धरली. शेवटपर्यंत धरली. आपला शब्द न् शब्द पोचवल्याबद्दल प्राध्यापकांनी त्याचे खास आभार मानले.

खोलीत ती जागीच होती.

"सर छान बोलतात हो. फादरांची पंचाईतच केली."

"विद्वान माणसं ती. तू कशाला मनावर घेतेस?"

"मी निजताना पुटपुटते, ते तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की." डोकं टेकताच तो घोरू लागे. "सगळं येतं."

"मग सांगा, काय मागते मी?"

आता आली का पंचाईत! "दुसरं काय? पाय बरे व्हावेत म्हणून."

"पायांचं कधीच सोडलं मी." ती छताकडे बघत राहिली. "तुमची सुटका मागते. माझ्यातून."

तिची कूस बदलायची होती. त्यानं तिच्या पाठीखाली हात घातले, तिनं त्याच्या मानेला विळखा घातला. तिला कुशीवर वळवून झालं, तरी विळखा सुटला नाही. तो तसाच वाकून राहिला, पाठीत कळ आली तरी.