मर्लच्या बंदुकीवरच्या पाच खाचा

आपल्या कपाटात काय आहे ते सरकारला कळता कामा नये, असं आमच्या गावात प्रत्येकाचं मत होतं. माझं तर जरा जास्तच होतं, कारण माझ्या कपाटात शेजारच्या मर्लची बंदूक होती.

एकोणीस वर्षांपूर्वी हरणांच्या शिकारीच्या मोसमात ती मी आठवड्यासाठी मागून आणली. त्याच आठवड्यात आयुष्यातलं सगळ्यात मोठं हरण मारलं आणि माझा जीव त्या बंदुकीवर जडला. मर्ल परत मागायला आला तेव्हा तोंडातून निघून गेलं, "अरे, रविवारीच तुझ्या कोठारात दारामागे ठेवली की!" मर्लनं कोठार उपसलं. मग त्याला आठवलं, त्या रविवारी धाकटा भाऊ रॉडनी गवत न्यायला आला होता. झालं! भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पहिल्या वर्षी खरं सांगणं अवघड होतं, दहाव्या वर्षी अशक्य. मी चांगला माणूस आहे असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकवत नसे.

तर यंदा राज्याच्या राजधानीत, ऑगस्टा शहरात, विधिमंडळापुढे विधेयक आलं. प्रत्येक बंदुकीचा नंबर आणि मालकाचं नाव नोंदवायचं. उसनी दिली तरी कागद करायचा. मर्ल खवळला. वीस वर्षं गावाचा बर्फ उपसणारा ट्रक चालवलेला माणूस, त्याचा आवाज इंजिनावरून ऐकू जाईल असाच घडलेला.

"आपल्याला कागद लागतो का रे?" तो दुकानात टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "शेजाऱ्याचा शब्द पुरे!"

"पुरे," मी म्हणालो.

"थर्लो, विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी आहे, तिथं तू माझ्यानंतर बोलायचं. तुझ्यासारख्या सरळ माणसाचं ते लोक ऐकतील."

फोटोची कल्पनाही मर्लच्याच डोक्यातून निघाली. शनिवारी गावच्या सभागृहात जेवण होतं, खड्ड्यात रात्रभर पुरून शिजवलेल्या घेवड्याचं. त्या जेवणाला सगळ्यांनी आपापली जुनी बंदूक रिकामी करून आणायची, ती हातात धरून ओळीनं उभं राहायचं, आणि तो फोटो समितीला दाखवायचा. मी 'विसरलो' म्हणून हात हलवत गेलो. अर्ध्या तासानं माझी बायको आर्लीन सफरचंदाच्या 'पाय'ची परात घेऊन आली, आणि खांद्याला मर्लची बंदूक!

"अरे, कपाटात मागे होती! इतकी सुंदर वस्तू, आणि म्हणे विसरलो!" तिनं ती माझ्या हातात कोंबली. तिला बिचारीला काय माहीत?

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मर्लच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि मला म्हणाला, "जरा हस की. सुतकात आलायस का?" फोटो निघाला. देवानं आणि मोतीबिंदूनं वाचवलं, असं मला वाटलं.

मंगळवारी सुनावणीला जायला बसमध्ये चढलो तर फोटो आमच्या आधी चढलेला. मर्लनं तो दाराएवढा करून आणला होता. "मागच्या बाकावरच्या आमदारालाही दिसला पाहिजे," तो म्हणाला. माझ्या हातातल्या बंदुकीच्या दस्त्यावरच्या पाच खाचा मला तर बसच्या दुसऱ्या टोकावरून दिसल्या. मर्लच्या वडिलांनी प्रत्येक मुलाच्या जन्माला एक खाच पाडलेली, शेवटची रॉडनीची.

समितीसमोर प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मर्ल उठला, फोटोशेजारी उभा राहिला आणि बोट फिरवू लागला. "ही अल्डनची, आजोबांकडून आलेली. ही व्हर्नाची. आमच्यात कुणाची वस्तू कुणाकडे अडकत नाही! ही थर्लोची..." तो वाकला. चष्मा वर केला, नाक जवळजवळ फोटोला टेकवलं. बोटानं एक, दोन, तीन, चार, पाच मोजलं. उरलेलं दीड मिनिट त्यानं तसंच सोडलं. मग जागेवर येऊन बसला, माझ्याकडे न बघता.

माझं नाव पुकारलं. खिशातलं भाषण खिशातच राहिलं. मी सगळं सांगितलं, हरण, कोठार, रॉडनी, सगळं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तरी बोलणं थांबवता येईना.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही विधेयकाच्या बाजूनं की विरोधात?"

"विरोधातच, बाई. पण माझं जे कारण होतं, ते आता राहिलं नाही."

सगळे हसले. मर्ल सोडून.

परतीच्या बसमध्ये तीन तास तो खिडकीबाहेर बघत बसला. बंदूक मी त्याच संध्याकाळी त्याच्या ओट्यावर नेऊन दिली. त्यानं घेतली आणि दार लावलं. पुढे सहा महिने आमची नुसती मान हलत होती. विधेयकाचं घोंगडं तिकडे भिजतच पडलं.

नोव्हेंबरात मोसमाच्या पहिल्या सकाळी दार वाजलं. मर्ल, हातात बंदूक. मागे त्याच्या गाडीत कुणीतरी बसलेलं.

"डॉक्टर म्हणतो, डोळे उन्हाळ्यात करू. तोवर मी हरीण सोडून गाय मारीन. घे, आठवडाभर."

मी बाहीनं डोळे पुसले. "मर्ल, मी..."

"रडू नकोस, आधी सही कर." त्यानं कोटातून कागद काढला. बंदुकीचा नंबर, माझं नाव, परत देण्याची तारीख, सगळं स्वच्छ अक्षरात.

"अरे, ही तर नोंदणीच झाली की!"

"नोंदणी सरकारात होते," मर्ल गुरगुरला. "हा माझ्या खिशात राहणार."

कागदाच्या तळाला साक्षीदाराची सही आधीच होती. गाडीची काच खाली झाली आणि रॉडनी ओरडला, "नंबर नीट तपासून घे रे, दादा! माणूस सरळ आहे!"

मी सही केली.