पीथमपूरचं तिसरं वळण

रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर फॉर्म्युला वनची रेस असली की आम्ही श्रीरामच्या घरी जमायचो. इंदूरला स्नेहलतागंजात दुसऱ्या मजल्यावर त्याचं घर. श्रीराम, त्याची बायको पूर्वा, सतरा वर्षांची मुलगी शमिका, शेजारचे शरदचंद्र सर आणि मी. सर गणित शिकवून रिटायर झालेले. माझं बेटमा रोडला व्हील अलाइनमेंटचं वर्कशॉप आहे, आणि श्रीराम एका कॉलेजच्या परीक्षा विभागात. पाचवीपासूनचा दोस्त.

भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचो, जो जिंकतो तो हातातल्या कसबाने. सर म्हणायचे, वीस गाड्या, सगळे तरबेज, मग उरतं ते नशीब. त्यावर श्रीराम चहाचा कप खाली ठेवून इंदुरी ढंगात म्हणायचा, "भिया, स्वभाव. गाडी स्वभावच चालवतो. उतावळा माणूस कितीही हुशार असो, एक दिवस भिंतीत जाणारच. माझ्याकडे बघा ना."

असं म्हणून तो उजवा हात पुढे करायचा. त्याचा कोपर पूर्ण सरळ होत नाही.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. बावीस वर्षांपूर्वी पीथमपूरजवळ एका बंद गोडाऊनच्या आवारात टायर रचून कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांचा, ट्रॅक केला होता. फायनल जिंकणाऱ्याला कोइम्बतूरला एक सीझन ट्रेनिंग मिळणार होतं. शेवटून दुसरा लॅप, तिसरं वळण. मी पुढे, श्रीराम मागे. श्रीराम आतल्या बाजूने घुसला, चाकात चाक अडकलं, त्याचं कार्ट उलटून टायरच्या भिंतीवर पडलं. कोपराचा चुरा झाला. मी जिंकलो आणि कोइम्बतूरला गेलो. तिथे माझ्यापेक्षा चांगली पोरं ढिगाने होती. सीझन संपला तसा परत आलो.

हॉस्पिटलमध्ये मी त्याला म्हटलं होतं, "श्री, तू कुठून आलास तेच कळलं नाही यार. मला दिसलाच नाहीस." तो म्हणाला, "माझीच घाई झाली." त्यानंतर आम्ही त्यावर कधी भांडलो नाही.

या जूनमधे शमिकाने एक फॉर्म आणला. कोइम्बतूरला मुलींसाठी सिलेक्शन होतं, आणि अठराच्या आतल्यांना आई किंवा वडिलांची सही हवी होती. पोरगी बायपासच्या कार्टिंग ट्रॅकवर दोन वर्षं चालवत होती, कॉलेजच्या पोरांपेक्षा फास्ट. मीच तिला ब्रेक कधी सोडायचा ते शिकवलं होतं. पण श्रीरामने फॉर्म बघितला आणि टीव्हीखाली सरकवून दिला.

"बाबा, कारण तरी सांगा."

"तू माझ्यावर गेलीस. उतावळी. घरात दूध उतू जायच्या आधी तू गॅस बंद करत नाहीस, तिकडे काय करशील?"

"दुधाचा आणि रेसचा काय संबंध?"

"स्वभावाचा संबंध असतो, बेटा."

पूर्वावहिनी चहाचे कप उचलायला लागल्या. त्या सहसा रेसच्या बोलण्यात पडत नसत.

पुढच्या रविवारी पहिल्याच वळणावर एक लाल गाडी दुसरीला घासली आणि दोन्ही बाहेर गेल्या. रेस थांबली. कोण चुकलं यावर आम्ही नेहमीसारखे तुटून पडलो. तेवढ्यात शमिका आतून पेन ड्राइव्ह घेऊन आली.

"थांबलीच आहे तर एक दाखवते. चिंतामणआजोबांच्या कपाटात पीथमपूरची कॅसेट सापडली. स्टुडिओतून कन्व्हर्ट करून आणली. मी पण अजून बघितली नाही."

चिंतामणकाका म्हणजे श्रीरामचे मोठे काका, मागच्या वर्षी गेले. कुठलंही लग्न, मुंज, मिरवणूक असो, त्यांच्या हातात हॅंडीकॅम. पीथमपूरला ते आले होते हे मी विसरून गेलो होतो. मला वाटतं, त्या क्षणी मला उठून जाता आलं असतं. वर्कशॉपवरून फोन आला म्हणता आलं असतं. पण मी सोफ्याच्या कडेला तसाच बसून राहिलो.

पिवळट चित्र आलं. धूळ, पत्र्याची शेड, लोकांचा गलका. काका तिसऱ्या वळणाच्या बाहेर उभे असावेत, कारण कार्टं समोरून त्यांच्याकडे येत होती. माझं हेल्मेट निळं, श्रीरामचं पांढरं.

"क्या बात है! काय बारीक होते दोघं!" सर हसले.

मग ते झालं. एका सेकंदात संपलं. श्रीरामने मान वळवली. पूर्वावहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"बघितलंत?" श्रीराम म्हणाला. "कसा शिरलोय बघा. जागाच नव्हती."

शमिका रिमोट घेऊन खाली बसली. तिने ते मागे घेतलं आणि थांबत थांबत पुढे सोडलं. आम्ही दर रविवारी असंच तर करायचो. "नाही बाबा. हे बघा. वळण सुरू व्हायच्या आधीच तुम्ही धनेशकाकांच्या बरोबरीला आलात. तुमचं पुढचं चाक त्यांच्या सीटजवळ आहे. जागा तुमची होती."

"पण समोरच्याला दिसलं नसेल ना," सर म्हणाले. "कार्टला आरसे कुठे असतात? म्हणूनच मी म्हणतो, नशीब."

शमिकाने आणखी एकदा मागे घेतलं. थांबवलं. पडद्यावर निळं हेल्मेट उजवीकडे वळलेलं होतं, पांढऱ्या हेल्मेटकडे. तिने थोडं पुढे घेतलं. हेल्मेट सरळ झालं. आणि त्यानंतर, हेल्मेट सरळ झाल्यावर, माझी चाकं आत वळली.

शमिकाने चित्र पुढे चालू दिलं. टीव्हीत कुठलासा माणूस हिंदीत ओरडत होता, "अरे एम्बुलेन्स बुलाओ!" आणि चित्र हलत होतं, कारण चिंतामणकाका पळत सुटले होते.

"धनेशकाका," शमिका हळूच म्हणाली, "तुम्ही बघितलं होतं."

मी तोंड उघडायच्या आत श्रीराम बोलला. "मान वळली म्हणजे दिसलं असं नसतं, शमू. त्या धुळीत काय दिसणार? फालतू बात नको. बंद कर ते." आणि मग माझ्याकडे बघून, जणू मलाच त्रास झालाय अशा आवाजात, "सोड रे धन्या. मुलं आहेत."

रेस पुन्हा सुरू झाली. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. निघताना श्रीराम जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "आता तिला कळलं असेल मी सही का करत नाही ते."

सोमवारी मी वर्कशॉपमधे एका गाडीचं अलाइनमेंट तीनदा केलं. प्रत्येक वेळी रीडिंग बरोबर होतं, तरी मी पुन्हा केलं. मंगळवारी दुपारी श्रीरामच्या कॉलेजवर गेलो. जेवणाची सुट्टी होती. सायकल स्टँडमागच्या ओट्यावर तो डबा उघडून बसला होता. मला बघून सरकला. "ये. भेंडी आहे."

मी उभाच राहिलो. "श्री, तू मला दिसला होतास."

"काय?"

"पीथमपूरला. मी मान वळवली, तू बरोबरीला होतास, मी बघितलं. आणि मग गाडी आत घेतली."

त्याच्या हातात पोळीचा तुकडा होता. "घाबरून हात वळला असेल."

"नाही. ठरवून."

"अरे पण दोघंही उलटलो असतो!"

"मला वाटलं तू ब्रेक मारशील. तू नेहमी मारायचास. पूर्ण सीझन तू कधी कुणाला घासलं नव्हतंस. तू शांत डोक्याचा होतास, श्री. त्याच भरवशावर मी केलं."

हे वाक्य मी मनातल्या मनात बावीस वर्षं टाळलं होतं. तोंडातून निघाल्यावर कळलं, सगळ्यात वाईट हेच होतं.

त्याने डबा बाजूला सरकवला. "का रे?"

"तू फास्ट होतास. कोइम्बतूरची जागा एकच होती."

"राग होता माझ्यावर?"

"नव्हता. भीती होती."

"मग हॉस्पिटलमधे का नाही सांगितलंस?"

"दिसला नाहीस म्हणून खोटं बोललो. त्यावर तूच म्हणालास, माझीच घाई झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग दिवस गेले."

श्रीरामने पोळी परत डब्यात ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हिशेबनिसासारख्या सपाट आवाजात बोलायला लागला. "लग्नाआधी मी पूर्वाला सांगितलं होतं, माझ्यात एक खोट आहे, मी उतावळा आहे. भोपाळची नोकरी आली होती ती घेतली नाही. म्हटलं, आपण घाईत उडी मारतो, तोंडावर पडतो. गाडी कधी चाळीसच्या वर नेली नाही. पोरगी जरा जोरात बोलली तरी मला वाटतं, आलं माझं रक्त वर." तो थांबला. "हात गेला त्याचं काही नाही यार. हाताचं मी कधीच मानून घेतलं. पण मी कोण आहे तेच मला चुकीचं माहीत होतं."

"श्री, मी शमिकाला, वहिनींना, सगळ्यांना सांगतो. सही कर तू. तिच्यात काही खोट नाही."

"तू जा आता," तो म्हणाला. त्याने डब्याचं झाकण लावलं. डाव्या हाताने, कारण उजव्याने ते घट्ट बसत नाही.

मी त्याच संध्याकाळी पूर्वावहिनींना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "रविवारी येऊ नका."

पुढचं मला शरदचंद्र सरांकडून कळलं. मला वाटलं होतं, आता श्रीराम सही करेल. त्याने केली नाही. शमिका रडली, भांडली, म्हणाली, आता तर सिद्ध झालं ना की तुमची चूक नव्हती! त्यावर तो म्हणाला, "तेच तर, बेटा. आधी मला वाटायचं सगळं आपल्या हातात असतं. तुझा स्वभाव सांभाळला की तू सांभाळली गेलीस. आता कळलं की मी काहीच चुकलो नव्हतो, तरी आडवा झालो. आणि तोही कुणामुळे? पाचवीपासूनच्या दोस्तामुळे. तिकडे चाळीस अनोळखी पोरी असतील."

सर हे सांगताना टोपी हातात फिरवत होते. "बघ ना धनेश. मी नशीब म्हणायचो ना... आता म्हणवत नाही."

सही पूर्वावहिनींनी केली. 

निघायच्या आठवडाभर आधी शमिका वर्कशॉपवर आली. ॲक्टिव्हा बाहेर लावली आणि हेल्मेट न काढताच आत आली, फक्त काच वर केली.

"मी माफ करायला आले नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"एकच विचारायचंय. बाजूचा असं काही करणार आहे हे आधी कळतं का?"

मी हात पुसले. खोटं बोलावंसं वाटलं. हो, कळतं, अमुक खूण बघ, असं काहीतरी. पोरगी निर्धास्त गेली असती.

"नेहमी नाही कळत," मी म्हणालो. "मलाच त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तुझ्या बाबांना कुठून कळणार? पण पुढच्याने तुझ्याकडे बघितलं म्हणजे तो जागा देईल असं धरून चालू नकोस. बघितलं, तरी नाही."

"मग आत शिरायचंच नाही?"

"शिरायचं. तुझी जागा असेल तर शिरायचं. ब्रेकवर एक पाय तयार ठेवून."

तिने मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं की नाही, मला समजलं नाही. तिने काच खाली केली आणि गेली.

कोइम्बतूरला आईबरोबर गेली. एकेचाळीस मुलींत तेरावी आली. सहा जणी घेतल्या. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन म्हणते, असं सर सांगतात. एका सेमीफायनलमधे तिला कुणीतरी घासलं, ती गवतात गेली, परत ट्रॅकवर आली. श्रीरामने फोनवर हे ऐकलं आणि बोलणं संपल्यावरही फोन तसाच कानाला धरून बसला, असंही सर म्हणाले.  

रविवारी मी घरी एकटाच रेस लावतो. कधी पूर्ण बघतो, कधी नाही. सर एक रविवार माझ्याकडे येतात, एक श्रीरामकडे. दोन्हीकडे कुणी वाद घालत नाही म्हणून कंटाळतात.

मागच्या महिन्यात त्यांच्या नातवाची मुंज होती. हॉलमधे जेवणाच्या रांगेत श्रीराम अचानक समोर आला. केस जास्त पांढरे वाटले. मी पत्रावळ धरून थांबलो. तोही थांबला. मागे लोक होते, त्यामुळे दोघांनाही वळता आलं नाही.

"कसे आहात, धनेशजी?" तो म्हणाला.

पाचवीपासून त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आवाजात टोमणा नव्हता. परीक्षा विभागात आलेल्या पालकांशी तो जसा बोलतो तसा बोलला.

"बरा आहे," मी म्हणालो. "तुम्ही?"

"चाललंय," तो म्हणाला, आणि वाढप्याकडे वळून म्हणाला, "भिया, इधर थोडा श्रीखंड देना."