अर्जासोबतचा निबंध

दोन वर्षं गावच्या कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकून ओदिलिया बोर्बाला विद्यापीठात प्रवेश मिळाला. निरोप समारंभात तिचे हॅस्केल सर पालकांसमोर म्हणाले, "हिनं अर्जासोबत लिहिलेला निबंध फार चांगला आहे. वाच गं."

पहिल्या रांगेत तिचे बाबा अदेलिनो बसले होते. गाईंच्या धारा आटोपून, चर्चला जायचा शर्ट घालून आले होते. नाही म्हणायचं तिला धैर्य झालं नाही.

"आमच्या घरात कुणी कधी पुस्तक उघडलं नाही," तिनं वाचलं. पुढचं खालमानेनं भराभर उरकलं. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या.

खरं तर आई रोज दुपारी स्वयंपाकघरात मायदेशाहून आणलेली पोर्तुगीज पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि बाबा मध्येच अडवून तिच्याशी वाद घालायचे. पण अडाणी घर दाखवलं की निवड होते, असं ओदिलियानं ऐकलं होतं.

परतताना बाबांनी गाडी घराच्या रस्त्याला लावली. मग म्हणाले, "यामुळेच घेतलं का तुला?"

"हो, बाबा."

"बरं झालं. आईला मात्र दाखवू नकोस, पोरी."

आई दारातच उभी होती. "हातात कसला कागद गं?"

लपवावं असं ओदिलियाला फार वाटलं, तरी तिनं कागद पुढे केला. आईनं चष्मा लावून उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचला.

"भाषा छान आहे तुझी," ती म्हणाली, आणि चुलीवरचं बघायला आत गेली.